विश्लेषण : नायट्रिक ऑक्साइडचा माग काढणारा गुलाबी रंग कुणी शोधला? बिअर कारखान्यातील रसायनतज्ज्ञ पीटर ग्रीस यांची कहाणी

लघवीत जंतुसंसर्ग आहे का, हे पाहण्यासाठी पॅथॉलॉजी लॅबमध्ये प्लास्टिकची एक बारीक पट्टी नमुन्यात बुडवतात. पट्टीवरचा एक चौकोन मिनिटभरात गुलाबी झाला, तर लघवीत नायट्राइट आहे असे समजते. रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू शरीरात किती तयार होतो, याचा अंदाज घेण्यासाठी संशोधन प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीच्या मुळाशीही हाच गुलाबी रंग आहे. या चाचणीला ‘ग्रीस चाचणी’ म्हणतात. ती १८७९ मध्ये मांडणारे योहान पीटर ग्रीस ना डॉक्टर होते, ना प्राध्यापक. ते इंग्लंडमधील एका बिअर कारखान्यात नोकरीला होते. नायट्रिक ऑक्साइड माणसाच्या रक्तवाहिन्यांत तयार होतो हे सिद्ध झाले, तेव्हा त्यांना जाऊन ९९ वर्षे झाली होती.

नायट्रिक ऑक्साइड मोजणे इतके अवघड का?

नायट्रिक ऑक्साइड म्हणजे नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून हा वायू तयार करतात. तो शेजारच्या स्नायूंपर्यंत पोहोचला की रक्तवाहिनी सैलावते आणि रक्तदाब आटोक्यात राहतो. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवली जाणारी सॉर्बिट्रेटची गोळीसुद्धा शरीरात हाच वायू उपलब्ध करून देते. जंतूंशी लढणाऱ्या काही पेशीही तो शस्त्रासारखा वापरतात.

अडचण अशी, की हा वायू तयार होताच नाहीसा होऊ लागतो. पेशींमध्ये त्याचे आयुष्य अवघे काही सेकंदांचे असते आणि रक्तात हिमोग्लोबिन त्याला त्याहूनही झटपट संपवते. नमुना घेऊन लॅबपर्यंत नेईतो मूळ वायू उरतच नाही. मागे उरतात त्याची दोन रूपे : नायट्राइट आणि नायट्रेट. म्हणून बहुतेक वेळा वायूऐवजी त्याच्या पाऊलखुणा मोजल्या जातात. त्या ओळखण्याची सर्वांत सोपी आणि स्वस्त युक्ती ग्रीस यांनी दिली होती, तीही नायट्रिक ऑक्साइडचा आणि शरीराचा काही संबंध असेल अशी कल्पनाही कुणाला नव्हती त्या काळात.

पीटर ग्रीस कोण होते?

ग्रीस यांचा जन्म ६ सप्टेंबर १८२९ रोजी जर्मनीतील हेसे प्रांतातल्या किर्शहोसबाख या खेड्यात झाला. वडील शेतकरी आणि लोहार. मुलाने शेती सांभाळावी म्हणून त्याला शेतकी शाळेत घातले गेले, पण त्याचे मन तिथे रमले नाही. काही काळ तो घोडदळात होता, तिथूनही लवकरच बाहेर पडला.

१८५० मध्ये ग्रीस येना विद्यापीठात दाखल झाले आणि पुढच्या वर्षी मारबुर्गला गेले. विद्यार्थिदशेत अभ्यासापेक्षा उनाडक्याच अधिक झाल्या. त्या काळी जर्मन विद्यापीठांची स्वतःची कोठडी असे. बेशिस्त विद्यार्थ्यांना तिथे डांबले जाई. ग्रीस यांनी या कोठडीची हवा एकदा नव्हे, अनेकदा खाल्ली. एकदा तर त्यांना वर्षभरासाठी मारबुर्गमधून हद्दपार करण्यात आले. ते वर्ष त्यांनी म्युनिकमध्ये काढले आणि तिथे युस्टस लिबिग या ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली. पण तोवर घरचा पैसा संपत आला होता.

अखेर १८५६ मध्ये ओफेनबाख येथील एका रसायन कारखान्यात त्यांना नोकरी धरावी लागली. तीही फ्रीडरिश वोलर यांच्या शिफारशीमुळे मिळाली. प्रयोगशाळेत युरिया तयार करून दाखवणारे वोलर ते हेच. ही नोकरीही टिकली नाही. १८५७ मध्ये आग लागून कारखान्याचे उत्पादन बंद पडले. वयाच्या २८ व्या वर्षी, हातात फारसे काही नसलेले ग्रीस पुन्हा मारबुर्गला आले. या वेळी मात्र ते हेर्मान कोल्ब यांच्या प्रयोगशाळेत झपाटल्यासारखे काम करू लागले.

१८५८ मध्ये नेमके काय सापडले?

कोल्ब यांच्या प्रयोगशाळेत त्या वेळी अमिनो गट असलेल्या संयुगांवर नायट्रस आम्लाचा प्रयोग चालू होता. अमिनो गट निघून त्या जागी ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट बसावा, हा हेतू. ग्रीस यांनी हाच प्रयोग पिक्रॅमिक आम्लावर थंड अवस्थेत केला. अपेक्षित पदार्थ मिळालाच नाही. मिळाले ते एक वेगळेच संयुग. त्यात दोन नायट्रोजन अणू एकमेकांना जोडलेले होते आणि तापवल्यावर त्याचा स्फोट होत असे.

थंडीमुळे ही क्रिया मधल्याच टप्प्यावर थांबली होती. उष्णतेत लगेच विघटन पावणारा पदार्थ ग्रीस यांच्या हाती लागला, तो यामुळेच. ही ‘डायअ‍ॅझो’ संयुगे. ग्रीस यांनी त्यांची पहिली नोंद १८५८ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढची तीस वर्षे ते याच संयुगांच्या मागे राहिले.

या शोधाची वार्ता लंडनमध्ये ऑगस्ट हॉफमन यांच्यापर्यंत पोहोचली. ते रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीचे प्रमुख होते. याच कॉलेजातील विल्यम पर्किन या तरुणाने दोनच वर्षांपूर्वी, १८५६ मध्ये, जांभळा कृत्रिम रंग शोधून कापड उद्योगात खळबळ उडवली होती. हॉफमन यांनी ग्रीस यांना बोलावून घेतले. विद्यापीठाच्या कोठडीत दिवस काढलेला विद्यार्थी आता युरोपातील अव्वल प्रयोगशाळेत साहाय्यक झाला. परक्या देशात रुळायला मात्र त्यांना बराच काळ लागला.

बिअरच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञाचे काय काम?

१८६२ मध्ये ग्रीस यांनी कॉलेज सोडले आणि बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावातील सॅम्युअल ऑल्सॉप अँड सन्स या बिअर कारखान्यात रुजू झाले. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्समचे प्रमाण मोठे आहे. या जड पाण्यातून फिकट रंगाची, कडवट चवीची बिअर उत्तम बनते. भारतातील इंग्रजांसाठी जहाजांतून मुंबई-कोलकात्याला येणारी ‘इंडिया पेल एल’ ती हीच. तिच्या भारतातील व्यापारात ऑल्सॉप हे आघाडीचे नाव होते.

महिनोन्‌महिने समुद्रप्रवास करणारी बिअर आंबली, नासली तर नुकसान मोठे. त्यामुळे पाणी, जव, हॉप्स आणि तयार माल तपासायला शिकलेला रसायनतज्ज्ञ पदरी ठेवणे कारखानदारांना परवडत होते. ग्रीस दिवसाचे काम उरकून उरलेला वेळ स्वतःच्या संशोधनाला देत. विद्यापीठ नाही, विद्यार्थी नाहीत, तरी त्यांचे निबंध जर्मन आणि इंग्रजी नियतकालिकांत सतत येत राहिले.

डायअ‍ॅझो संयुगे दुसऱ्या विशिष्ट संयुगांशी जोडली, की गडद रंग तयार होतात, हे ग्रीस यांनी १८६० च्या दशकातच दाखवले. या रंगांना ‘अ‍ॅझो रंग’ म्हणतात. त्यांचे मित्र कार्ल मार्टियस यांनी बनवलेला ‘बिस्मार्क ब्राउन’ १८६३ च्या सुमारास बाजारात आला आणि पुढे जर्मनीत याच रसायनावर मोठमोठे कारखाने उभे राहिले. आज जगात वापरात असलेल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक अ‍ॅझो रंग आहेत. मिठाई आणि सरबतांत परवानगी असलेला टार्ट्राझिन हा पिवळा रंग या कुळातला; हळदीत भेसळीसाठी वापरला जाणारा आणि खाद्यपदार्थांत बंदी असलेला मेटॅनिल यलोही याच कुळातला.

१८६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ग्रीस यांना सदस्यत्व दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी विवाह केला आणि बर्टनमध्ये संसार थाटला. जर्मनीतील बीएएसएफ या बड्या रंग कंपनीकडून त्यांना बोलावणे आले, पण ते गेले नाहीत. ज्या रसायनावर इतरांनी उद्योग उभारले, त्याचा शोध लावणारा माणूस अखेरपर्यंत बिअर कारखान्यातच राहिला.

१८७९ ची चाचणी कशी चालते?

डायअ‍ॅझो संयुग तयार व्हायला नायट्रस आम्ल लागते आणि नायट्रस आम्ल आम्लयुक्त द्रावणातील नायट्राइटपासून बनते. ग्रीस यांनी हीच साखळी उलटी वापरली. बाकी सगळे घटक तयार ठेवायचे आणि फक्त नायट्राइट नमुन्यातून येऊ द्यायचे. रंग आला तर नमुन्यात नायट्राइट आहे, नाही आला तर नाही.

१८७८ मध्ये त्यांनी अशी एक चाचणी सुचवली होती. तिच्यात पिवळा-तपकिरी रंग येई. १८७९ मध्ये त्यांनी सल्फॅनिलिक आम्ल आणि अल्फा-नॅफ्थिलअमाइन ही जोडी वापरली आणि लख्ख लाल रंग मिळाला. अगदी क्षीण द्रावणातही तो डोळ्यांना दिसत असे. माणसाच्या लाळेतील नायट्राइट या चाचणीने पकडता येते, हेही ग्रीस यांनीच दाखवले. म्हणजे जैविक नमुन्यांवर या चाचणीचा वापर पहिल्यापासूनचा आहे. लाळेत नायट्राइट येते कुठून, याचे उत्तर पुढे मिळाले. पालेभाज्यांतील नायट्रेट रक्तातून लाळेत उतरते आणि जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात.

१८८६ मध्ये ग्रीस यांच्या पत्नीचे दीर्घ आजाराने निधन झाले. दोनच वर्षांनी, ३० ऑगस्ट १८८८ रोजी, बोर्नमथ येथे ग्रीस यांचा मृत्यू झाला. ५९ वा वाढदिवस एका आठवड्यावर आला होता. त्यांचे दफन बर्टनमध्येच झाले. १८८९ मध्ये हंगेरीचे लायोश इलोशवाय यांनी चाचणीतील तीव्र आम्लाच्या जागी सौम्य असे अ‍ॅसेटिक आम्ल वापरले आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत ही चाचणी रुळली.

शंभर वर्षांनी चाचणीला पुन्हा महत्त्व का आले?

मधल्या काळात चाचणीत एक महत्त्वाचा बदल झाला. १९३९ मध्ये अमेरिकेत ब्रॅटन आणि मार्शल या संशोधकांना रक्तातील सल्फा औषधांचे प्रमाण मोजायचे होते. त्यासाठी त्यांनी रंग देणारे एक नवे, पाण्यात सहज विरघळणारे संयुग वापरले. आजच्या ग्रीस चाचणीत अल्फा-नॅफ्थिलअमाइनऐवजी तेच वापरतात, तर सल्फॅनिलिक आम्लाच्या जागी बहुतेक ठिकाणी सल्फॅनिलअमाइड हे सल्फा औषधच असते.

१९८० च्या दशकात दोन वेगळ्या वाटा एकत्र आल्या. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत आहारातील नायट्रेटचा अभ्यास चालू होता. माणसे जेवढे नायट्रेट खातात त्याहून अधिक लघवीवाटे बाहेर टाकतात, असे तिथे दिसले. एका स्वयंसेवकाला ताप आणि जुलाब झाले, तेव्हा त्याच्या लघवीतील नायट्रेट एकदम वाढले. म्हणजे शरीर स्वतःच ते बनवत होते आणि आजारात अधिक बनवत होते. १९८५ मध्ये उंदरांच्या भक्षक पेशी नायट्राइट आणि नायट्रेट तयार करतात हे सिद्ध झाले. या मोजमापांच्या गाभ्याशी ग्रीस यांची रासायनिक क्रिया होती.

दुसरी वाट रक्तवाहिन्यांची होती. त्यांच्या अस्तरातून कसला तरी पदार्थ बाहेर पडतो आणि वाहिनी सैल करतो, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवले. तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. १९९८ चे वैद्यकाचे नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांना या संशोधनासाठी मिळाले. त्यानंतर रक्तदाबापासून सेप्सिसपर्यंत जिथे तिथे हा वायू मोजण्याची गरज भासू लागली आणि ग्रीस यांचे नाव संशोधन निबंधांत जागोजागी दिसू लागले.

आज प्रयोगशाळेत मोजमाप कसे होते?

नमुन्यात नायट्राइट थोडे आणि नायट्रेट बरेच असते. ग्रीस चाचणीला फक्त नायट्राइट दिसते. म्हणून आधी कॅडमियम धातू, व्हॅनेडियम क्लोराइड किंवा एखादे विकर वापरून नायट्रेटचे नायट्राइट करतात. रक्तातील प्रथिने आधीच काढून टाकावी लागतात, नाहीतर द्रावण गढूळ होते. मग ग्रीस यांचे मिश्रण घालतात. नायट्राइटच्या प्रत्येक रेणूमागे रंगाचा एक रेणू बनतो, त्यामुळे रंग जितका गडद तितके नायट्राइट जास्त. ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश द्रावण किती शोषते हे यंत्राने पाहतात आणि माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणांशी ताडून आकडा काढतात.

याहून संवेदनशील पद्धतीही आहेत. नायट्रिक ऑक्साइडचा ओझोनशी संयोग घडवून निघणारा क्षीण प्रकाश मोजता येतो. दम्याच्या रुग्णाच्या उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड तर थेट यंत्रात फुंकर मारून मोजतात. अमेरिकी तज्ज्ञांच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांमध्ये हे प्रमाण अब्ज भागांत २५ पेक्षा कमी असेल तर कमी आणि ५० पेक्षा जास्त असेल तर जास्त मानतात. पण ही यंत्रे महागडी आहेत. साध्या प्रयोगशाळेत ग्रीस चाचणीच परवडते.

हा रंग काय सांगत नाही?

गुलाबी रंग एकच गोष्ट सांगतो : इथे नायट्राइट आहे. ते कुठून आले, हे तो सांगत नाही. आदल्या दिवशी पालक किंवा बीट भरपूर खाल्ले असेल, तर रक्तातील नायट्रेट वाढते. ते शरीराने बनवलेल्या वायूचे आहे असे समजले, तर निष्कर्ष चुकतो. म्हणून अशा अभ्यासांत सहभागी व्यक्तींचा आहार आधी ठरवून देतात आणि उपाशीपोटी रक्त घेतात. रक्ताच्या नळ्या, गाळण्या, हातमोजे यांवरही नायट्राइटचा अंश असू शकतो, त्यामुळे रिकामा नमुनाही सोबत तपासावा लागतो.

हे भान सुटले तर काय होते, याचे सर्वांत भयंकर उदाहरण बर्टनपासून जवळच असलेल्या बर्मिंगहॅमचे आहे. तिथे २१ नोव्हेंबर १९७४ रोजी दोन पबमध्ये बॉम्बस्फोट होऊन २१ जणांचा बळी गेला. पोलिसांनी सहा आयरिश पुरुषांना अटक केली. त्यांच्यापैकी काहींच्या हातांवर ग्रीस चाचणी सकारात्मक आली. नायट्रोग्लिसरीन या स्फोटकाचे अल्कलीने विघटन केले की नायट्राइट सुटते आणि रंग येतो, हा त्यामागचा आधार. पोलीस कोठडीतील कबुलीजबाब आणि ही चाचणी, या दोहोंच्या बळावर १९७५ मध्ये सहाही जणांना जन्मठेप झाली.

पुढे केलेल्या प्रयोगांत दिसले, की पत्त्यांवरील चकाकी, रंगरोगण अशा रोजच्या वस्तूंतील नायट्रोसेल्युलोजही अशाच चाचणीत रंग देऊ शकते. अटकेपूर्वी त्यांच्यापैकी पाच जण रेल्वेने निघाले होते आणि गाडीत पत्ते खेळत होते. १४ मार्च १९९१ रोजी न्यायालयाने सर्वांची शिक्षा रद्द केली. तोवर त्यांची १६ वर्षे तुरुंगात गेली होती. चाचणीतील रसायनशास्त्र चुकले नव्हते; रंगातून त्याच्या कुवतीबाहेरचा अर्थ काढला गेला होता.

घरच्या रिपोर्टसाठी याचा अर्थ काय?

लघवीच्या पट्टीलाही हाच नियम लागू होतो. ई. कोलायसारखे जिवाणू लघवीतील नायट्रेटचे नायट्राइट करतात, म्हणून रंग येतो. त्यासाठी लघवी मूत्राशयात साधारण चार तास तरी राहावी लागते. यामुळेच सकाळची पहिली लघवी मागतात. एन्टेरोकोकससारखे काही जंतू नायट्राइट बनवतच नाहीत, तर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे रंग दबू शकतो. त्यामुळे पट्टी गुलाबी झाली नाही म्हणून संसर्ग नाहीच असे ठरत नाही आणि रंग किती गडद आहे यावरून संसर्ग किती मोठा हेही कळत नाही. जळजळ, ताप, कंबरदुखी असेल तर रिपोर्टमध्ये ‘नायट्राइट निगेटिव्ह’ असूनही डॉक्टर कल्चर करायला सांगतात, ते याच कारणाने.